वाळवणातला पास्ता

यंदा आमच्या गच्चीवर कुरडया आहेत, शेवया आहेत, साबुदाण्याच्या चकल्या आहेत आणि कठड्यालगत एका जुन्या सुती साडीवर पास्ता आहे. उकडलेला. आमचे हे सकाळी टाकी बघायला वर आले, साडीकडं बघून थांबले आणि म्हणाले, "अगं, दुकानातून तो वाळलेलाच येतो की. तो आणायचा, उकडायचा अन् परत वाळवायचा?"

म्हणणं अगदी बरोबर होतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही. शेजारच्या गच्चीवर कमलाक्का पापड उलटत होत्या, त्यांनी दिलं. "त्यो कारखान्यातला वाळलेला हाय, भावजी. ह्यो लातूरच्या उन्हातला हाय."

हे खाली निघून गेले. कमलाक्कांसमोर गल्लीत कुणी फार वेळ उभं राहत नाही.

लातूरचं एप्रिलमधलं ऊन दारात येऊन थांबत नाही, सरळ घरात येतं. सकाळी नऊलाच गच्चीचा कोबा चपलेतून कळतो. दुपारी दोरीवर घातलेला टॉवेल उलटायला जावं तर तो पापडासारखा हातात येतो. लोकांना उन्हाळा म्हटलं की आंबे आठवतात. मला आधी नाकात येतो तो तापलेल्या सुती साडीचा वास. त्यात गव्हाच्या चिकाचा आंबूस, पापडखाराचा कडसर आणि कुणाच्या तरी मिरच्या वाळत असल्या तर त्यांचा खोकला. खालून क्लासला निघालेल्या पोरांच्या सायकलींचा आवाज आणि वर पातळ सावलीत बसलेल्या आम्ही बायका. या दिवसांत गल्लीतलं सगळं राजकारण गच्चीवर होतं, कारण हात गुंतलेले असतात आणि तोंडं मोकळी.

मागच्या एप्रिलपासून या वासात थोडा लसूण आणि चीज मिसळलंय. ते कसं, ते सांगते.

तेजू, माझी मुलगी, खो-खो खेळते. लहानपणापासून शाळेच्या मैदानावर, मग तालुक्याला, मग जिल्ह्याच्या संघात. बारावीच्या आधीच्या पावसाळ्यात खांबाजवळ वळताना तिचा उजवा गुडघा आतल्या आत सरकला. ऑपरेशन झालं. मग पट्टी, बर्फ, व्यायाम. आम्ही सगळे खाली ताटं मांडायचो आणि ती खुर्चीवर बसून जेवायची, कारण मांडी घालता येत नव्हती. उकिडवं बसायचं तर नावच नको. येणारे-जाणारे सल्ले द्यायचे. एक मावसजाऊ म्हणाली, "आता खेळबिळ सोडा, पुढचं बघा." मी म्हटलं, "पुढचं म्हणजे बारावी. बघायलोच की." मला त्या गुडघ्याबद्दल रडायला वेळ नव्हता. मी शाळेचे गणवेश शिवते, जूनच्या आत शेकड्यानं चड्ड्या-शर्ट द्यायचे असतात. तिच्या पायाखाली उशी सरकवायची, मशीनवर बसायचं, उठून बर्फ बदलायचा, परत मशीन. असे महिने गेले.

परीक्षा झाली आणि डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. नांदेडला राज्याची स्पर्धा होती. मुलींच्या कुमार गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. या वेळी मैदानात उतरली तर पुढचा रस्ता राहणार, नाही तर तो इथंच संपणार, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि गल्लीलाही माहीत होतं. संघात नाव आलं. पण संघात नाव येणं वेगळं आणि मैदानात उतरणाऱ्या नऊ जणींत येणं वेगळं. ते संघाच्या प्रशिक्षक मॅडमच्या हातात.

जाताना बॅग भरताना ती म्हणाली, "आई, तू नांदेडला येऊ नको."

"का?"

"तू आलीस की तू माझ्या पायाकडं बघतेस. मग मी पायाकडं बघते. मग मॅडम आपल्या दोघींकडं बघतात."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, "बरं."

नंतर नांदेडहून फोन. मैदानावर दिवे आहेत, माती चांगली आहे, शोभामावशी रोज येऊन बसते आणि ओरडते. शोभा म्हणजे माझी धाकटी बहीण, नांदेडलाच दिलेली. आणि मग मुद्द्याची गोष्ट. "आई, उपांत्य सामना सकाळी आहे अन् फायनल त्याच दिवशी संध्याकाळी. गल्लीला जेवायला घालणार ना?"

आमच्या गल्लीत ही रीत आहे. कुणाच्या पोराची मोठी परीक्षा असो, निकाल असो की सामना, त्या घरानं त्या दिवशी गल्लीला जेवू घालायचं. निकाल काही लागो, जेवण आधी ठरलेलं असतं. त्यामुळं नापास झालेल्या पोरालाही त्या दिवशी पंगतीत वाढावं लागतं आणि ते बरं असतं.

"घालते. भात, आमटी, भजी?"

"नको. इथं आम्हाला मॅचच्या आदल्या दिवशी देतात ते कर. पास्ता, सॉसमध्ये घोळून भट्टीत भाजलेला, वर चीज. लई ताकद येते. तुम्ही सगळे तेच खाऊन मॅच बघा."

"अन् फायनलला पोचलात नाही तर?"

"तर काय, खायचंच आहे की."

ही माझीच मुलगी, असं मला तेव्हा वाटलं.

गल्लीत ओव्हन दोन घरी आहेत आणि दोन्हींत पापडाचे डबे ठेवलेले असतात. शिवाय त्यात मावणार एक वाडगं, आणि आम्ही जवळजवळ पन्नास माणसं. पण आमच्याकडं सुट्टीत बिस्किटं भाजून आणायची पद्धत जुनी आहे. मैदा, साखर, तूप आपलं, भट्टी बेकरीवाल्याची. डबे घेऊन जायचं, पत्र्यावर बिस्किटं पाडायची, भाजून झाली की परत डब्यात. मी सत्तारभाईंच्या बेकरीत जाऊन विचारलं, की बिस्किटांच्या पत्र्यांत दुसरं काही भाजून द्याल का. ते म्हणाले, "आपा, भट्टी को क्या फरक पडता? दुपारनंतर आणा. सकाळचे पाव निघाले की आच मंद होती, मग बराबर भाजेल."

सामन्याच्या दिवशी सकाळीच आमच्या ओसरीत दोन गॅस पेटले. मी मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यातली बाई सांगत होती, की पास्ता भरपूर पाण्यात उकळावा आणि ते पाणी ओतून द्यावं. ती बाई लातूरची नव्हती. इथं नळाला पाणी कधी येतं हे कॅलेंडरवर लिहून ठेवतात. एवढं मोठं पातेलं भरून पाणी मोरीत ओतायचं, म्हटल्यावर गल्लीतल्या बायकांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशी मी दागिनेच ओतणार होते. कमलाक्कांनी ते पाणी बोटावर घेऊन चोळलं.

"ह्याला खळ हाय की गं! वतून कामून देतीस? माझ्या दोन इरकली घालते ह्यात."

त्या पाण्यात त्यांनी साड्या बुचकळल्या, पिळल्या आणि वाळत घातल्या. त्या साड्यांना नंतर इतकी कडक खळ बसली, की त्या नेसून बसल्या की पाठीमागं कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा.

कमलाक्कांचं माहेर उदगीरचं. शेवया, कुरडया, सांडगे यांतलं त्यांचं म्हणणं गल्लीत अखेरचं असतं. पास्ता त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला होता, तरी त्याच्याबद्दल त्यांना कसलीही शंका नव्हती.

"आधी तुपावर परत त्याला."

"अक्का, ही शेवई नाही."

"पिठाचंच हाय ना? मग शेवईच्या जातीतलंच."

पातेली दोनच, पास्ता भरपूर. चार-पाच वेळा उकळून काढावा लागणार होता. पहिला घाणा परातीत काढला आणि दुसरा होईपर्यंत त्याचा गोळा व्हायला लागला. तेल लावलं तरी बुडाचं चिकटतच होतं. कमलाक्का म्हणाल्या, "परातीत कोंबून ठेवलाव तर चिकटंलच. वर नेऊन पसरा. वाऱ्यानं सुटा हुतो."

कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. घरात पसरायला जागा नसेल तर वर गच्ची असते, आणि गच्चीवर पसरायचं तर धुतलेली सुती साडी असते. उन्हाळ्यात हात आपोआप तसेच चालतात. आम्ही पाच-सहाजणी पास्त्याच्या पराती डोक्यावर घेऊन जिना चढलो, साड्या अंथरल्या, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि तळहातांनी एकेक नळी सुटी करत पास्ता पसरला. काम इतकं छान झालं, की खाली यायच्या आधी आम्ही कठड्याशी उभं राहून त्याच्याकडं समाधानानं बघितलं.

तेवढ्यात शोभाचा फोन.

"ताई, टॉस झाला. खेळणाऱ्या पोरींची नावं सांगून राहिले."

"तेजू?"

"अजून आलं नाही."

आम्ही सगळ्या खाली धावलो. सामना मोबाइलवर थेट दाखवत होते, तो टीव्हीला जोडला. नऊ नावं आली. तेजूचं नव्हतं. ती कडेला, राखीव मुलींत, गुडघ्याला काळी पट्टी लावून बसलेली एकदा दिसली. मग बराच वेळ दिसलीच नाही. आम्ही बसून राहिलो. आता बदली खेळाडू म्हणून उतरवतील, पहिल्या डावानंतर उतरवतील, शेवटच्या पाळीला तरी उतरवतील. गल्लीतली एकही बाई टीव्हीसमोरून हलली नाही. लातूरनं सामना जिंकला, पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारायला लागल्या, आणि तेजू मैदानात उतरलीच नव्हती.

मग कमलाक्का एकदम उठल्या. "अय्यो! साडीवरलं!"

आम्ही जिना चढलो तेव्हा डोक्यावर ऊन आलं होतं. पास्ता होता जागेवरच. पण अंग चोरून, कडा वर करून, काचेसारखा. मी एक नळी उचलून चावली. दातांत कट्टकन मोडली. एवढा सगळा पास्ता सकाळपासून घाम गाळून उकडला होता आणि पाकिटातून निघाला त्याच्याही पलीकडं परत गेला होता.

आणि मग आम्ही हसायला लागलो. आधी सुनंदा, समोरच्या घरातली, ती कठड्याला धरूनच बसली. "वयनी, आता ह्याला डब्यात भरा अन् पावसाळ्यात तळून खाऊ!" मग सगळ्याच. मीसुद्धा. सकाळपासून जे दाबून ठेवलं होतं, ते हसण्यातून निघालं. मला वाटतं सगळ्यांचंच तसं होतं, कारण पास्त्याला कुणी एवढं हसत नाही.

हसून झाल्यावर कामाला लागलो. फेकायचा प्रश्नच नव्हता. मी हिशेब केला तो सरळ होता. पाणी उन्हानं काढलंय, तर ते आपण दुसऱ्या रूपानं परत द्यायचं. पांढरा सॉस मी दाट करणार होते, तो ताकासारखा पातळ केला. मैदा लोण्यावर भाजला, दूध ओतत गेले आणि मागून आवाज आला, "हे तर दुधातलं पिठलं हाय." टोमॅटो, कांदा, लसूण यांचं लाल कालवण वेगळं, तेही पातळ. मका, सिमला मिरची, फ्लॉवर. माझी पाठ वळली तेवढ्यात कमलाक्कांनी लाल कालवणात मूठभर येसर सोडलं. आमच्या लग्नांत आमटीला लावतात ते, धान्य आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. मला वासावरून कळलं.

"अक्का!"

"गप. त्याबिगर त्याला चव कशाची? नुसतं दूध अन् टमाटे."

कडक पास्ता मोठ्या पातेल्यात टाकला आणि तो प्यायला लागला. खरंच प्यायला लागला. खाली कालवणाचं तळं होतं, ते बघता बघता आत गेलं. आणखी दूध, आणखी कालवण. साबुदाण्याच्या चकल्यांसाठी बटाटे किसतो त्या किसणीवर चीज किसलं. कमलाक्का "साकु, साकु" करून हात आडवा घालत होत्या, एवढं पुरे म्हणत होत्या, आणि सुनंदाची पोरगी त्या हाताखालून आणखी किसत होती.

सत्तारभाईंच्या बेकरीत बिस्किटांच्या डब्यांची रांग होती. भट्टीच्या तोंडाशी वेलची, तूप आणि सकाळच्या पावांचा वास तरंगत होता, आणि घाम असा की डोळे मिटून घ्यावेत. एक अनोळखी बाई माझ्या पत्र्यात डोकावून म्हणाली, "ही कसली बिस्किटं व?" मी म्हटलं, "खो-खोची." सत्तारभाईंनी लांब दांड्याच्या फळीवर एकेक पत्रा आत सरकवला. "आपा, ये बिस्कुट का काम नै. आतपर्यंत आच जाऊ द्या. घाई नको." मी घाई करणार नव्हते, पण घड्याळ बघत होते. त्यांनी ते बघितलं. "बेटी का मॅच है ना? पोचवतो मी घरी. जाव तुम्ही."

मी गेले नाही. पत्रे बाहेर यायला लागले तेव्हा चीजवर तपकिरी फोड आले होते आणि कडेला कालवण बुडबुडत होतं. मी एक कोपरा मोडून खाल्ला. नळी चावायला लागली तर ती मऊही होती आणि ठामही होती, आणि कालवण तिच्या आत शिरलं होतं. मोबाइलवरच्या बाईचं असं झालं नसतं.

संध्याकाळी गल्लीत हिरवी जाळी बांधली होती, ओट्यावर टीव्ही. पत्रे झाकून ठेवले. सामना झाल्यावर खायचं, असं मीच ठरवलं होतं, आणि पुरुष मंडळी सारखी त्या झाकणांकडं बघत होती. शोभाचा फोन स्पीकरवर लावला. नावं आली. या वेळी तेजूचं होतं.

मॅडमनी सकाळी गुडघा वाचवला होता आणि संध्याकाळी वापरायला काढला होता. नंतर मला हे कळलं, तेव्हा मला त्या मॅडम एकदम पटल्या. मीही चांगली कात्री चड्ड्यांच्या कापडावर चालवत नाही.

एक अडचण अशी, की शोभाचा फोन लगेच ऐकू यायचा आणि मैदानाचं चित्र उशिरा यायचं. म्हणजे शोभा किंचाळायची आणि टीव्हीवर पोरी अजून शांत धावत असायच्या. मग गडी बाद व्हायचा. पहिल्या डावातच लोक वैतागले. "त्यांना गप बसवा हो, सगळं आधी सांगायल्यात!" मी शोभाला म्हटलं, "तोंड बंद ठेव." ती म्हणाली, "मी काय बोलून राहिले? काहीच तर बोलून नाही राहिले!" खरंच बोलत नव्हती. नुसती किंचाळत होती. आणि शोभाची पंचाईत ही, की आनंदाची आणि दुःखाची तिची किंकाळी एकच आहे. लहानपणापासून.

शेवटच्या पाळीत आमच्या पोरी पळत्या होत्या. आपण तीन गुणांनी पुढं. शेवटची तिघींची तुकडी उतरली, त्यात तेजू. एक गेली. दुसरी गेली तेव्हा नव्हे, ती जायच्या आधीच शोभानं सांगितलं. आता तेजू एकटी. घड्याळात थोडाच वेळ उरला होता. ती बाद झाली तर बरोबरी, राहिली तर आपण जिंकलो. ती साखळीतून जात होती, एक सोडून एक, सापासारखी, समोरची मुलगी खो देत होती, नवी उठत होती, तेजू वळत होती. त्याच उजव्या पायावर. मी म्हटलं होतं पायाकडं बघणार नाही. मी फक्त पायाकडंच बघत होते.

तेवढ्यात शोभा किंचाळली.

टीव्हीवर तेजू अजून पळत होती. खांबाच्या दिशेनं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, की नांदेडला काहीतरी होऊन गेलंय आणि ते आता आमच्याकडं येतंय. काय ते माहीत नाही. कमलाक्कांनी माझा दंड धरला, त्यांच्या साडीचा खरखर आवाज झाला. तेजू खांबाशी पोचली, मागून सूर मारलेली मुलगी, हात लांब केलेला, आणि तेजू त्या गुडघ्यावर गर्रकन वळली आणि पडली. पूर्ण आडवी. मी उभी राहिले. मागची मुलगी तिच्या पलीकडं मातीत घसरली, हात रिकामा. शिट्टी वाजली. तेजू मातीत तशीच पडून राहिली, मग तिनं डोकं वर केलं, पंचांकडं बघितलं, आणि उठली. दोन्ही पायांवर. उडी मारून.

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, कारण गल्लीत किंचाळणाऱ्या पन्नास शोभा झाल्या होत्या.

पत्रे उघडले तेव्हा वरचं चीज गार होऊन चिवट झालं होतं आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. वरच्या थरात चीज, खाली येसराचा वास, मधे कडक झालेला आणि परत मऊ झालेला पास्ता. सत्तारभाई आपल्या मुलांना घेऊन आले होते. आमचे हे तीनदा वाढून घ्यायला आले. कमलाक्का तोंडात घास धरून मला म्हणाल्या, "बगितलीस का? वाळीवला म्हणून भट्टीत लगदा न्हाई झाला. मी सांगितलं हुतं."

त्यांनी असं काही सांगितलं नव्हतं. पण मी हो म्हटलं.

आता तेजू नांदेडला कॉलेजात आहे, शोभाकडं राहते. सुट्टीला घरी आलीय. पुढच्या आठवड्यात तिच्या कॉलेजच्या संघाचा सामना आहे, तिथंच. शोभानं तिच्या घराजवळच्या बेकरीत बोलून ठेवलंय. म्हणून यंदाचा पास्ता नीट वाळतोय. पास्ता डब्यात जाणार, येसर पुडीत, आणि तिच्याबरोबर आम्ही दोघं एसटीनं. यंदा तिनं स्वतःच म्हटलं, "आई, तू ये. बघायचं तर बघ पायाकडं."

आत्ता मी हे लिहायला वहीची पानं घेऊन जिन्यात बसलेय, सावलीला. तेजू माझ्या आधीच वर येऊन बसलीय. साडीच्या काठाशी उकिडवी, कमलाक्कांसारखीच, टाचा टेकवून, आणि तळहातानं पास्ता उलटतेय. गुडघे पूर्ण मिटलेले. आपण कशा बसलोय, हे तिच्या लक्षातही नाही.

"आई," ती मागं न बघता म्हणाली, "मागच्या वर्षी किती वेळ राहिला होता हा उन्हात?"

"तुझं नाव यायची वाट बघत होतो," मी म्हटलं, "तेवढा वेळ."